सहावा ठोका

नंदुरबार

होळीच्या आदल्या दिवशी मी नंदुरबारला उतरलो आणि गाव नीट दिसायच्या आतच डोळ्यांना धारा लागल्या. आमच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोकळ्या माळावर लाल मिरची वाळत पडली होती, पार नजर पोचेपर्यंत. इथे त्याला पथारी म्हणतात. बायका तोंडाला पदर गुंडाळून त्या लालीत उकिडव्या बसल्या होत्या आणि मिरचीचे देठ खुडत होत्या. त्यांच्यातलं कुणी खोकत नव्हतं. मी मात्र बोलेरोची काच वर करेपर्यंत चारदा शिंकलो.

"होऊ द्या," गाडी चालवणारे आबा हसत म्हणाले. "नवा मानूस आठे उना का पहिले रडसच."

आबा म्हणजे जगन्नाथ पाटील, हर्षदाचे वडील. शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यात त्यांची शेती आहे. मला घ्यायला ते चाळीस किलोमीटर आले होते. मी बसने येतो म्हटलं होतं, तर फोनवर जवळजवळ रागावले. त्यांच्या लेखी मी त्यांच्या मुलीवर उपकार केलेला माणूस होतो.

हे उपकार काय होते ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्याला सोपं जाईल.

हर्षदा आणि मी बॅले नाचायचो. लोणखेड्याची मुलगी बॅलेत कशी, असं पुष्कळ जण विचारतात. ती पाचवीपासून पुण्याला आत्याकडे शिकायला होती. आधी जिम्नॅस्टिक्स, मग आमच्या बाईंच्या बॅलेच्या वर्गात आली. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. त्या वर्गातून बाहेर पडून पैसे देणाऱ्या कंपनीत नाचणारे आम्ही दोघंच. रुमानियातल्या एका मध्यम शहराच्या ऑपेरागृहात आम्हाला नोकरी मिळाली. दिसायला झगमगीत, पण खरं पाहता नोकरीच. आठवड्यातून सहा दिवस दहा वाजता वर्ग, मग संध्याकाळपर्यंत तालीम, हिवाळ्यात रोज प्रयोग. ती चार मोसम मागच्या रांगेत उभी राहिली. बत्तीस मुलींतली एक. पाचव्या मोसमात तिला छोटी एकल भूमिका मिळाली आणि सहाव्यात पहिली मोठी. तिचा जोडीदार म्हणून मला उभं केलं.

त्या नाचात एक उचल होती. तिने कोपऱ्यातून धावत यायचं, सहाव्या ठोक्याला जमीन सोडायची. त्याच ठोक्याला मी एक पाऊल पुढे टाकून तिला कमरेला धरायचं आणि डोक्यावर न्यायचं. दोन महिने आम्ही ती रोज करत होतो. माझा डावा खांदा पंधरा दिवस दुखत होता. करार नवा व्हायचे दिवस होते, म्हणून मी कुणाला बोललो नव्हतो. त्या सकाळी सहावा ठोका पडला, ती उडाली, आणि मी कचरलो. पाऊल टाकलं तेव्हा ती खाली येत होती. उजव्या गुडघ्यावर पडली. आवाज झाला.

खोलीत तालीम घेणारे बॅले-मास्टर होते, पण त्यांची नजर वहीत होती. पियानो वाजवणाऱ्या बाईंची आमच्याकडे पाठ होती. काय झालं, असं बॅले-मास्टरनी विचारलं. मी म्हणालो, ती उशिरा उडाली.

नंतर इस्पितळात शस्त्रक्रिया होऊन शुद्धीवर आल्यावर तिनेही मला विचारलं, "मी उशिरा उडाले का रे?" मी म्हणालो, "थोडीशी. होतं असं."

पुढचे सहा आठवडे मी तिला चालवलं, तिचं अंथरूण बदललं, आणि शेवटी चाकाच्या खुर्चीत बसवून मुंबईला आणून आईवडिलांच्या हवाली केलं. विमानतळावर आबांनी माझ्यापुढे हात जोडले होते. उपकार ते हे.

त्याला चार वर्षं झाली. मी नाचत राहिलो. गेल्या उन्हाळ्यात माझा खांदा पुरता गेला, कंपनीने करार नवा केला नाही, आणि चौतिसाव्या वर्षी मी पुण्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये लहान मुलींना पाय ताणायला शिकवू लागलो. हर्षदाच्या आईने मिरची आणि बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा पाठवला, वर निरोप, "एकदा आमच्याकडची होळी पाहायला या." मी आलो होतो ते होळी पाहायला नव्हे.

लोणखेडा

घर गावाच्या टोकाला, कॉलेजच्या बाजूला. स्लॅबचं, बाहेर निळा रंग. गच्चीवर पांढऱ्या धोतरांवर बिबडे वाळत घातले होते. हर्षदा गच्चीवरून खाली आली ती पायऱ्या मोजत. आधी मला वाटलं गाणं गुणगुणते आहे.

ती भरली होती, उन्हाने रापली होती. केस कापून मानेवर आणले होते. फक्त पाय तेच. उभी राहिली की चवडे आपोआप बाहेर वळत होते. ते वळण हाडात बसलेलं असतं, ते जात नाही.

"बारीक झालास," ती म्हणाली. "खांदा कसा आहे?"

मी म्हणालो, "गेला."

"वाईट झालं," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. मला खाली बघावंसं वाटलं.

काकूंनी, म्हणजे हर्षदाच्या आईने, दुपारी फुनके-कढी केली होती. भरडलेल्या तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके कुस्करायचे, वर लसणाची फोडणी दिलेली कढी ओतायची, वर कच्चं तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा. पुण्यात आमच्याकडे पाहुण्याला "अजून वाढू का" विचारतात आणि पाहुणा खरोखरच नको म्हणू शकतो. इथे नको म्हणजे थोडं, आणि हात आडवा धरला म्हणजे भाकरी हातावर. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. त्यांनाच कमी वाटलं.

"तुम्ही व्हतात म्हनीसन मन्ही पोर जित्ती घर उनी," वाढता वाढता काकू म्हणाल्या. "नहीतं तठे कोन व्हतं तिनं?"

हर्षदा ताटाकडे बघत जेवत होती.

दुपारी तिने मला शेत दाखवलं. पपईची बाग. झाडं माणसाच्या उंचीची, प्रत्येक खोडाला गळ्यापर्यंत हिरवी फळं लगडलेली. सकाळी ती इथली कामं बघते, दुपारी कॉलेजच्या ऑफिसात बसते. दोन बायका फळं कागदात गुंडाळून क्रेटमध्ये भरत होत्या. हर्षदाने क्रेट मोजले, वहीत लिहिले, मग पहिल्यापासून पुन्हा मोजले.

"ताई दोन टाइम मोजस," त्यातली एक मला हसून म्हणाली. "कव्हयबी. ताटंबी दोन टाइम मोजस."

"सवय लागली आहे," हर्षदा म्हणाली आणि वही मिटली.

त्या संध्याकाळी अंगणात बसलो असताना मला बोलायची संधी होती. आबा पलीकडे नळीने गाडी धूत होते. आवाजात आमचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नसतं. मी सुरुवातही केली. "हर्षदा, त्या दिवसाबद्दल..." ती लगेच म्हणाली, "नको ना तो विषय. उद्या आपण काठीला जाऊ. तू पाहुणा आहेस, तुला काहीतरी चांगलं दाखवू दे." मी नको तर नको म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

काठी

सातपुड्यातल्या काठीची होळी या भागात राजवाडी होळी म्हणून ओळखली जाते. ती पहाटे पेटते आणि आदल्या संध्याकाळपासून माणसं तिथे नाचत असतात. आम्ही सकाळी निघालो. गाडी हर्षदा चालवत होती. तळोदा, अक्कलकुवा, मग देवगोईचा घाट. खाली सपाटीवर उसाच्या ट्रॅक्टरांमागे रांगत जावं लागलं होतं. घाटात रस्ता मोकळा झाला, पण ऊन डोंगराला भाजून काढत होतं. पानं झडलेल्या जंगलात फक्त पळस फुललेला. मोहाची फुलं रस्त्यावर पडून चिरडली होती आणि गाडीत गोड, आंबूस वास येत होता. अर्ध्या घाटात चाक बसलं. जॅक होता, पण त्याचा दांडा घरी राहिला होता. तासाभराने मोलगीला निघालेली एक जीप थांबली. तिच्यातल्या लोकांनी उतरून, आम्हाला काही न विचारता, चाक बदललं आणि तितक्याच गप्प निघून गेले.

मोलगीला होळीआधीचा बाजार भरला होता. बायका गूळ, फुटाणे आणि साखरेचे हार घेत होत्या. बसच्या टपावर माणसं होती. काही नुकतीच गुजरातेतून आली होती, ऊसतोडीवरून आणि बांधकामावरून. पाठीवर गोधड्यांची गाठोडी तशीच. होळी झाली की यातली बरीचशी पुन्हा जातील, असं हर्षदाने सांगितलं.

काठीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गावातली घरं दूरदूर, कुडाच्या भिंतींची. मोकळ्या जागेत होळीचा बांबू आडवा ठेवला होता, सरळ आणि न संपणारा. थोड्या अंतरावर चारपाच माणसं त्याच्यासाठी खड्डा करत होती, नुसत्या हातांनी. कुदळ-फावडं लावायचं नसतं. नखांत माती भरली होती. एक दमला की दुसरा गुडघे टेकून बसायचा.

एका झाडाखाली नवसाने नाचणारे तयार होत होते. अंगावर राखेने काढलेल्या पांढऱ्या नक्ष्या, कमरेला सुके भोपळे आणि घुंगरं, डोक्याला मोरपिसांचे उंच टोप. त्यातला एक, पन्नाशीचा, टोप मांडीवर घेऊन पिसं बांधत होता. नाव रूपसिंग. आपसांत ते भिलीत बोलत होते. आमच्याशी तो मोडक्या मराठीत बोलला.

"पाच दिस खाटेवर नाय झोपायचं," तो म्हणाला. "चप्पल नाय घालायची. गावागावची होळी करायची. मंग नवस फिटला."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. मंग सुरतला. बिल्डिंगवर काम हाय."

त्याने हर्षदाच्या पायांकडे पाहिलं. "बाई, पाय असा कशाला वाकडा?"

"नाचून," ती म्हणाली. "आम्ही दोघंही नाचायचो. तिकडे, परदेशात."

"नवस कोणाचा?"

"नवस नाही. पगार होता."

रूपसिंगने बाकीच्यांना ते सांगितलं. सगळे हसले, वाईट हेतूने नाही. नाचायचा पगार ही त्यांना खरंच नवी गोष्ट होती. मग त्याने विचारलं, "आता नाय नाचत?"

"चुकले," हर्षदा म्हणाली. "पडले."

"पडला तं आम्ही उठवतो," तो म्हणाला आणि पिसं बांधू लागला.

आम्ही टेकाडावर चढून बसलो. चांगली उभी चढण होती. हर्षदा माझ्यापुढे होती, आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की तिचा उजवा पाय अजिबात लंगडत नाही. उतरत्या दगडांवरही नाही.

"गुडघा पूर्ण बरा वाटतो," मी म्हणालो.

"बराच आहे. दीड वर्षात बरा झाला. नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू सुरू कर, काही हरकत नाही."

"मग?"

"मग काय?"

"मग तू परत का आली नाहीस? मला वाटलं, गुडघ्यामुळे..."

ती खाली त्या आडव्या बांबूकडे बघत होती. कुणीतरी ढोल गरम करून थाप देऊन बघत होतं.

"गुडघ्यामुळे पडले असते तर परत आले असते," ती म्हणाली. "गुडघा नीट करता येतो. मी मोजण्यात चुकले, तेजस. मला खात्रीने वाटत होतं की मी सहाला उडाले. आजही आठवून बघितलं तर सहालाच उडते. आणि तू म्हणालास उशिरा उडालीस. बॅले-मास्टरही म्हणाले. म्हणजे माझ्या डोक्यात सहा होतात तेव्हा बाहेर साडेसहा झालेले असतात. असं माणूस कसं नाचेल? दुसऱ्याच्या अंगावर कसं उडेल? इथे घरी खोलीत मी दार लावून करून बघायचे. मोबाइलवर ठोका लावून. बरोबर यायचं. पण तेव्हाही बरोबरच वाटलं होतं ना."

तिने जवळचा एक खडा उचलून उतारावर टाकला. "म्हणून मी कळवून टाकलं, येत नाही. कंपनीवाले दोन मोसम विचारत होते."

खाली घुंगरं वाजायला लागली. एक जण नाचून बघत होता, नुसता गुडघ्यांत वाकून, कमरेचे भोपळे हलवत. पिसांचा टोप एकदम डोलायचा आणि एकदम थांबायचा. मी त्याच्याकडे बघत बसलो. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की तिचं नाचणं गुडघ्याने संपवलं. मी फक्त दोष कुणाचा एवढ्यापुरतं खोटं बोललो, त्याने काही बदललं नसतं. आता तेवढाही आडोसा उरला नव्हता.

खरा नाच आम्ही पाहिलाच नाही. अंधाराच्या आत घाट उतरायला हवा, आबा काळजी करतील, असं म्हणून हर्षदा उठली. आम्ही खाली उतरत होतो आणि माणसं वर चढत होती. शेकडो माणसं, ढोल घेऊन, मुलांना खांद्यावर घेऊन. गाडी त्यांच्यातून मुंगीच्या पावलांनी निघाली. सगळी वाट मी खिडकीबाहेर बघत बसलो. तिला वाटलं मी दमलो.

लोणखेड्याला पोचलो तेव्हा गल्लीतली होळी पेटली होती. काकूंनी खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या होत्या, हातांवर फिरवून रुमालाएवढ्या मोठ्या केलेल्या. त्यांनी पहिली पोळी होळीला वाहिली आणि दुसरी माझ्या ताटात घातली.

पुन्हा लोणखेडा

दुसऱ्या दिवशी धुळवड. बागेत मजूर नव्हते. हर्षदा पाण्याची मोटार चालू करायला निघाली, मी तिच्यामागे गेलो. विहिरीपासून बागेपर्यंत टणक झालेल्या मातीची मोकळी पट्टी आहे, क्रेट ठेवायची. तिथे मी थांबलो.

"तू उशिरा उडाली नव्हतीस," मी म्हणालो.

तिने ऐकलं की नाही कळेना. मोटारीचा आवाज होता. ती मागे गेली, बटण बंद केलं आणि परत आली.

"काय म्हणालास?"

मी सांगितलं. खांदा, करार, कचरणं, उशिरा टाकलेलं पाऊल, बॅले-मास्टरना दिलेलं उत्तर. इस्पितळात तिला दिलेलं उत्तर. सांगायला दोन मिनिटं लागली असतील. तिचा चेहरा हलला नाही. मग ती म्हणाली, "तिकडे उभा राहा."

"कुठे?"

"जिथे उभा होतास तिथे. मी कोपऱ्यात, तू मध्ये. राहा उभा."

मी पट्टीच्या मध्यावर जाऊन उभा राहिलो. ती विहिरीच्या कठड्यापाशी गेली, चपला काढल्या आणि ओठांतल्या ओठांत मोजत धावत आली. पावलांचा आवाजही येत नव्हता. साडी नव्हती, ऑफिसातला साधा पंजाबी ड्रेस होता, पण त्या सहा ठोक्यांत मला ती तालमीतली खोली दिसली. ती उडाली नाही. जिथून उडायची तिथे येऊन थांबली. माझ्यापासून एक पाऊल लांब. ते पाऊल माझं होतं.

"सहा," ती म्हणाली. "इथेच ना?"

"हो. तिथेच."

"मग मी बरोबर होते."

"बरोबर होतीस."

ती धापा टाकत होती. हात कमरेवर ठेवून तिने दोनदा माती पायाने घासली.

"तेव्हा सांगितलं असतंस तर मी गेले असते परत."

"माहीत आहे. काल कळलं."

"काल कळलं," ती म्हणाली. "आणि त्याआधी? त्याआधी काय वाटत होतं तुला, की एवढ्याशाने काय होतंय? तीन वर्षं तू तिथे नाचत होतास. माझ्याच नाचात नाचलास, दुसरीबरोबर. तुझं नाचणं संपलं तेव्हा तू आलास, तेजस. अजून तिथे असतास तर आला असतास का?"

मी म्हणालो, "नाही." तिच्यासमोर कबूल केलेली ही माझी दुसरी गोष्ट.

"अजूनही..." मी पुढे काहीतरी बोलू लागलो. वय एकतीस, पुण्यात वर्ग, शिकवता येईल, असं काही.

"गप्प बस," ती म्हणाली. मोठ्याने नाही. चपला घालून ती घराकडे गेली. मोटार बंदच राहिली.

मी घरी पोचलो तेव्हा तिने सांगून टाकलं होतं. ती आतल्या खोलीत होती, दार लावून. आबा ओसरीवर उभे होते, कपाळावर शेजाऱ्यांनी लावलेला गुलाल. गल्लीतून पोरांचा ओरडा येत होता. मी बॅग उचलली. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी पाट मांडला, ताट ठेवलं, भाकरी वाढली.

"जेवी ले," त्या म्हणाल्या. "आनि मंग जाय."

आधीचे दोन दिवस त्या मला तुम्ही म्हणत होत्या. मी बसलो. या वेळी त्यांनी दुसरी भाकरी वाढली नाही. एक संपली, मी उठलो.

प्रकाशा

धुळवडीला बसचा भरवसा नव्हता, म्हणून आबाच मला नंदुरबारला सोडायला निघाले. मी नको म्हटलं, पण ते गाडीत जाऊन बसले होते. प्रकाशाला तापीचा पूल लागतो. खाली पाणी पसरलं होतं, काठावर देवळं. रंग खेळलेली माणसं नदीत अंग धूत होती. पूल ओलांडल्यावर आबांनी गाडी कडेला घेतली. उतरले नाहीत. समोरच्या काचेतून बघत बोलले.

"चार वरीस मी तिले हाईच सांगत ऱ्हायनू. बेटा, चूक कोनीबी करस. आते सोडी दे, इसरी जाय." मग म्हणाले, "ती म्हने, आबा, मी बरोबर व्हती. मी म्हनू, नही बेटा, मान्य कर. मान्य करं का हलकं वाटस."

त्यांनी कपाळावरचा गुलाल मनगटाने पुसला.

"तिना बापनीबी तिनावर इस्वास ठेवा नही," ते म्हणाले. "ते मन्ह पाप. तुन्ह नही."

मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "मुंबईले मी तुले हात जोडेल व्हतात. ते मी आज वापस लेस."

गाडी चालू केली आणि मला स्टेशनपर्यंत नेऊन सोडलं. बॅग स्वतः उतरवून दिली.

पुणे

आल्यावर पहिलं काम मी केलं ते त्या ऑपेरागृहाला लिहायचं. बॅले-मास्टर, दिग्दर्शक आणि त्या वेळी कंपनीत असलेले सगळे ज्यांचे पत्ते मिळाले ते. त्या सकाळी काय घडलं ते जसंच्या तसं. दोघांनी मला पुन्हा संपर्क करू नकोस म्हणून कळवलं. बॅले-मास्टरनी लिहिलं की ते आता निवृत्त आहेत आणि त्यांनी वहीतून मान वर करायला हवी होती. ती सगळी उत्तरं मी हर्षदाला पाठवली. तिने वाचली, एवढं फोनवर दिसतं.

सोसायटीच्या हॉलमधल्या वर्गात मी अजून शिकवतो. पालकांनाही सांगितलं. तीन मुली आता येत नाहीत.

मग मी हा प्रवास लिहून काढला. नंदुरबारकडे कुणी फारसं जात नाही. काठीची होळी पाहावी, खापरावरची पोळी खावी, प्रकाशाला तापी पाहावी, हेही लिहायचं होतं, पण लिहिताना सगळं त्या मातीच्या पट्टीकडेच जात राहिलं. लिहिताना मी हर्षदाचं नाव बदललं होतं. आडनाव काढून टाकलं होतं, गावाला नुसतं शहाद्याजवळचं एक गाव केलं होतं. तिला त्रास नको, असं मला वाटलं. छापायच्या आधी तिला वाचायला पाठवलं.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. नमस्कार-चमत्कार नाही.

"नाव का बदललंस?"

मी कारण सांगितलं.

"बॅले-मास्टरनी सगळ्यांना सांगितलं तेव्हा माझंच नाव घेतलं होतं," ती म्हणाली. "हर्षदा पाटील उशिरा उडाली. अख्ख्या कंपनीत. पुण्यात बाईंच्या वर्गातसुद्धा. तेव्हा कुणी नाव बदललं नाही. आता खरं छापतोस तर माझं नाव का लपवतोस? पूर्ण नाव लिही. गाव लिही."

"आणि माझं?"

"तुझंही लिही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

म्हणून लिहितो. हर्षदा जगन्नाथ पाटील, लोणखेडा, तालुका शहादा. ती वेळेवर उडाली होती. उशीर मी केला, तेजस केळकरने.